माघारीचं टेबल

निवडणूक म्हटली की लोकांना मतमोजणीचा दिवस आठवतो. डफडी वाजतात, गुलाल उधळतो, पडलेला उमेदवार मागच्या गेटनं निघून जातो. पेपरवाले त्या दिवशी येतात, फोटो काढतात आणि जातात. या अंकाच्या संपादकांनीही मला तेच सांगितलं, 'मतमोजणीचे किस्से लिहा.' माझ्याकडे ते फारसे नाहीत. तिथं मशीन आकडा दाखवतं आणि आपण तो लिहून घेतो. माझ्या नोकरीतला जो दिवस आठवला की अजूनही घास कडू लागतो, तो मतमोजणीच्या बराच आधी येतो. तो म्हणजे उमेदवारी अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तहसिलीत अव्वल कारकून आहे. बाकी वर्षभर दाखले, पंचनामे, अतिवृष्टीच्या याद्या हेच चालतं. पण ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या की माघारीचं टेबल माझ्याकडे येतं, कारण माझं अक्षर वाचता येतं आणि बेरीज चुकत नाही. हे टेबल कोणालाच नको असतं. अर्ज भरायच्या दिवशी लोक हसत येतात, चिन्ह घ्यायच्या दिवशी भांडत येतात. माघारीच्या दिवशी ते आणले जातात.

ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी अर्ज भरायचे, मग त्यांची छाननी, म्हणजे कोणाचा अर्ज नियमात बसतो ते पाहणं. त्यानंतर ज्याला लढायचं नसेल त्यानं ठरलेल्या दिवशी दुपारी तीनच्या आत लेखी सूचना द्यायची, की मी माझी उमेदवारी मागे घेतो. तीन वाजले की जी नावं उरली त्यांना चिन्हं वाटायची. जागा जेवढ्या तेवढीच नावं उरली तर मतदान होत नाही, गाव 'बिनविरोध'. आणि एक नियम सगळ्यात कडक: एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. अर्ज मागे घेता येतो, माघार मागे घेता येत नाही.

कागदावर या गोष्टीला एकच नाव आहे. गावात पन्नास आहेत. शिकलेला पोरगा म्हणतो, 'विड्रॉल मारला.' म्हातारे म्हणतात, 'फॉर्म उचलला.' पेपरात येतं, 'तलवार म्यान केली.' विरोधक म्हणतात, 'कच खाल्ली.' आणि सगळ्यात वापरातला शब्द म्हणजे 'बसला'. इतकी वर्षं हे ऐकून माझ्या लक्षात आलं की पुरुष असेल तर लोक म्हणतात, तो बसला, त्यानं मोठेपणा दाखवला. बाई असेल तर म्हणतात, तिला बसवली. बाई स्वतःहून मागे आली असं कोणी म्हणत नाही. निदान एवढं तरी खरं बोलतात.

सगळीच माघार वाईट असते असं नाही. भाऊरावजी नावाचे एक गृहस्थ दर निवडणुकीत अर्ज भरत आणि दर निवडणुकीत मागे घेत. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, आणि खिशात स्वतःचा पेन. एकदा मी म्हटलं, "भाऊरावजी, या वेळी तरी लढा की."

"लढाचं कायले, म्याडम? लढलो तं पडीन. पडल्यावर कोणी पुसते का? हे पाहा, मी फॉर्म भरला की गावातले सारे माह्या ओट्यावर येते. चहा पेते, हात जोडते, 'भाऊरावजी, तुमच्या हाती आहे' म्हणते. बायकोबी मले तितके दिवस अहो-जाहो करते."

"आणि मागे घेतल्यावर?"

"मंग अरे-तुरे. पण तितके दिवस तं निघाले ना चांगले?"

त्यांची सूचना मी हसत हसत घेत असे. त्या माणसाला पुढं काय करायचं हे माहीत होतं आणि मागं कधी यायचं हेही. दोन्ही त्याच्या मर्जीचं होतं. माझा राग आहे तो जिथं मर्जीचा पत्ता नसतो तिथला.

नियमाप्रमाणे निवडणूक निर्णय अधिकारी विचारतात, 'स्वखुशीनं मागे घेता ना?' सुरुवातीच्या काळात मी पाहत असे, प्रश्न बाईला विचारला जायचा आणि उत्तर दारातून यायचं. "हो हो, खुशीनंच हाये, साहेब." कधी नवरा, कधी दीर, कधी गावातला कोणी. बाई पदर सारखा करत उभी. इतक्या वेळा ते दारातलं उत्तर ऐकलं की पुढं मी अधिकाऱ्यांना सांगून एक पद्धत पाडली. उमेदवार एकटा आत येईल, दार लोटलेलं राहील, बसायला खुर्ची, प्यायला पाणी. याला नियमात मनाई नाही. तरीही पहिल्या वर्षी मला सांगण्यात आलं की मॅडम, तुम्ही फार ताणता.

आता ज्या गावाबद्दल लिहायला बसले, त्या गावाकडे येते. नाव लिहीत नाही. बोरी अरबच्या बाजाराला जाणारं गाव आहे, एवढं पुरे. नऊ जागांची ग्रामपंचायत. तिथं दोन पॅनेलं होती आणि दोन्हींच्या मध्ये वसंतरावजी. मोठे शेतकरी, आवाज मऊ, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. गाव बिनविरोध करायचं हे त्यांनी मनावर घेतलं होतं. बिनविरोध गावाला जास्तीचा निधी येतो असं ते सगळ्यांना सांगत. निधीपेक्षा त्यांना गावाच्या वेशीवर लावायचा, नऊ सदस्यांच्या फोटोंचा फलक जास्त हवा होता, हे माझं मत.

त्या गावाचे एकोणीस अर्ज वैध ठरले होते. नऊ जागा, म्हणजे दहा जणांनी मागे यायचं. मारुतीच्या देवळात बैठक झाली, दोन्ही पॅनेलांनी जागा वाटून घेतल्या. देवळात कोण होतं? सगळे पुरुष. ज्या जागांचं वाटप झालं त्यातल्या पाच जागा बायकांच्या.

वॉर्ड तीनमध्ये बायकांच्या एका जागेसाठी दोघींचे अर्ज होते. एक सिंधूबाई, दुसऱ्या पॅनेलची. दुसरी कांता, पहिल्या पॅनेलची. कांता नाल्याच्या पलीकडच्या वस्तीत राहणारी, कापूस वेचायला जाणारी, चौथी शिकलेली. तिचा नवरा वसंतरावजींचा ट्रॅक्टर चालवायचा. गावाची नळाची पाइपलाइन नाल्याच्या अलीकडेच थांबली होती आणि पलीकडच्या बायका नाला ओलांडून पाणी नेत. अर्ज भरताना कांतानं मला एकच प्रश्न विचारला होता, "निवडून आल्यावर मीटिंगमधी नळ मांगता येते ना जी?" मी म्हटलं, "येतो." ती म्हणाली, "मंग बरं."

माघारीच्या दिवशी सकाळीच वसंतरावजींची जीप आली. कांता मधल्या सीटवर, नवरा शेजारी. मी तिला एकटीला आत घेतलं. साहेबांनी विचारलं, "स्वखुशीनं?" तिनं मान हलवली. मी म्हटलं, "तोंडानं सांग बाई." तिनं दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "माह्या मालकाचं काम जाईन, म्याडम," ती हळू म्हणाली, आणि साहेबांकडं वळून मोठ्यानं, "हो, खुशीनं."

माझ्या टेबलावर या दोन वाक्यांपैकी दुसरंच चालतं. पहिल्याला रकाना नाही.

गेटवर त्यांनी छोटा सत्कार ठेवला होता. ज्यांनी गावासाठी मोठं मन केलं त्यांना शाल आणि नारळ. कांतानं उमेदवारी सोडली म्हणून शाल घातली ती तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर. नारळही त्याच्याच हातात. मी खिडकीतून हे डोळ्यांनी पाहिलं. ती दोन पावलं मागं उभी होती, शालीची प्लॅस्टिकची पिशवी हातात धरून.

तीनला थोडा अवकाश असताना दुसऱ्या पॅनेलची गाडी आली आणि सिंधूबाईंची माघार समोर ठेवली गेली. मी यादी पाहिली. वॉर्ड तीन, तीच जागा. मी साहेबांना दाखवलं. साहेबांनी त्या पॅनेलच्या पुढाऱ्याला बोलावून स्पष्ट सांगितलं, "या जागेवर हे एकच नाव उरलं आहे. हेही गेलं तर जागा रिकामी राहील."

"असं कसं होईन साहेब? कांताबाई हाये ना."

"त्यांनी सकाळीच मागे घेतलं. बाहेर फळ्यावर लावलेलं आहे."

तो माणूस हसला. "साहेब, आमचं देवळात ठरलं हाये. ती जागा त्याईले, हे आमाले. तुमचा फळा काईबी म्हणो."

सिंधूबाईंना मी विचारलं, "बाई, तुम्हाला कळलं का, तुम्ही सही केली तर तिथं कोणीच राहत नाही?" त्या म्हणाल्या, "मले काय इचारता? याईले इचारा." आणि सही केली.

देवळात नेमकं ठरलं काय होतं, हे मला नंतर कळलं. एका बाजूला वाटलं वॉर्ड तीन आपण सोडायचा, दुसऱ्या बाजूलाही वाटलं आपण सोडायचा. तुम्ही एक पाऊल मागं, आम्ही एक पाऊल मागं, या मोठ्या मनाच्या भरात कोणी विचारलंच नाही की त्या जागेवर उभं कोण राहणार. एकोणीस अर्ज, नऊ जागा, दहा माघारी हव्या होत्या. माझ्या बेरजेत अकरा भरल्या. आठ माणसं बिनविरोध निवडून आली आणि एक जागा रिकामी राहिली.

कांता आणि सिंधूबाई एकाच वॉर्डात राहतात. दोघींना कोणी एक कप चहा पिईपर्यंत शेजारी बसू दिलं असतं तर हे झालं नसतं. पण त्यांना वेगवेगळ्या गाड्यांतून, वेगवेगळ्या वेळी आणलं होतं. मोठ्या माणसांचा हिशेब चुकला आणि गावात बोलणं काय झालं? "दोन बायका, एक जागा. तेवढी नाही सांभाळता आली." हे मला आमच्याच कोतवालानं हसत सांगितलं. मी हसले नाही.

पाचसहा दिवसांनी कांता तहसिलीत आली. एकटी. "म्याडम, ते मी मांगं घेतलं ना, ते आता परत मांगं घेतलं तं? जागा तं खालीच हाये."

मी तिला नियम सांगितला.

"म्हंजे भरलेला फॉर्म वापस भेटते, आन वापस घेतलेला नाही भेटत? हा कोन्ता कायदा?"

कायद्याच्या बाजूनंही सांगायला हवं. असा नियम नसता तर तीननंतर रात्रीपर्यंत सौदे चालले असते. नियम शहाणा आहे. पण तो धरून चालतो की माणूस स्वतःच्या पायांनी मागे आला. जीपमधून आणलेल्यांसाठी तो लिहिलेला नाही आणि आमच्याकडे तर जीपमधूनच आणतात. मी तिला एवढंच सांगितलं की रिकाम्या जागेची पोटनिवडणूक लागेल, तेव्हा पुन्हा अर्ज करता येतो. "कधी?" "लागेल तेव्हा." "मी येतो मंग," ती म्हणाली.

आणि ती आली. पोटनिवडणूक लागली तेव्हा पहिल्याच दिवशी एसटीनं आली, शेजारणीला सूचक म्हणून घेऊन. सिंधूबाईंच्या घरच्यांनी या वेळी कानाला खडा लावला होता. दुसरा अर्ज आला तो वसंतरावजींच्या धाकट्या सुनेचा. दोनच अर्ज, एक जागा. एकीनं मागे घेतलं की गाव पूर्ण बिनविरोध, आणि फलकावरचा राहिलेला नववा फोटो लागणार.

माघारीच्या दिवशी दुपारी तीच जीप आली. वसंतरावजी, त्यांचे दोन पुतणे, दुसऱ्या पॅनेलचा तोच पुढारी, गावातले आणखी दोघे आणि कांताचा नवरा. सात पुरुष आणि मध्ये ती. या वेळी निर्णय अधिकारी नवीन नायब तहसीलदार साहेब होते, वयानं माझ्या मुलाएवढे. मी माझी पद्धत सांगितली, ते म्हणाले, "तुमच्या पद्धतीनं घ्या, मॅडम." मी कांताला आत घेतलं आणि दार लोटलं.

"म्याडम, दोन मिनटाचं काम हाये," वसंतरावजी दारातून मऊ आवाजात म्हणाले. "ती तयार हाये. कागदबी भरून आणला."

भरून आणलेला कागद मी पाहिला. बाहेर लिंबाखाली बसणाऱ्या लिहिणाऱ्यानं कुठल्यातरी जुन्या कागदावरून उतरवला होता, वॉर्डाचा आकडा चुकलेला. चुकीच्या वॉर्डाची माघार घेता येत नाही. मी तो साहेबांना दाखवला, त्यांनी परत केला. मी कोरा नमुना काढला.

"कोणाकडून भरून घेतेस?" मी विचारलं.

"काहून? मी चौथी शिकेल हाओ. मीच लिहितो."

तिनं खुर्ची पुढं ओढली, पदर खोचला आणि पेन हातात घेतला. 'मा' काढला. मग 'न' काढला. मग पेन उचलून पाहिलं. दाराच्या फटीतून गावातल्या एकाचा आवाज आला, "अवो कांता, झालं का वो? का रामायण लिहून राह्यली?"

"सरकारी कागद हाये, भाऊजी. अक्षर चांगलं नाही आलं तं म्याडम वापस करते," ती आतूनच म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी फाइलमध्ये पाहिलं.

"म्याडम, 'प्रभाग'मधला प्र कसा काढा लागते?"

मी काढून दाखवला. तिनं काढला, तिला आवडला नाही, खोडला. खाडाखोड चालते का, तिनं विचारलं. मी म्हटलं, नावात आणि आकड्यात चालत नाही. "मंग दुसरा द्या," ती म्हणाली. मी दुसरा दिला. कोरा नमुना मागणाऱ्या उमेदवाराला नाही म्हणायचा अधिकार मला नाही. बाहेर आता पुतण्यांचे आवाज चढले होते. "म्याडम, तुमी भरून द्या ना! तिले कोठी येते?" एक पुतण्या दार ढकलू लागला तेव्हा शिपायानं त्याला अडवलं.

दुसऱ्या कागदावर स्वतःचं नाव लिहून झाल्यावर ती थांबली. डोकं वर न करता, अगदी हळू विचारलं, "तीन वाजले की हा कागद चालत नाही ना जी?"

"नाही."

"आन सही नाही केली तं नाव राह्यते?"

"राहतं."

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या अक्षराला लागली.

मला तिला 'शाब्बास' म्हणायचं होतं आणि एक शब्दही म्हणायचा नव्हता. एकानं जरी माझ्या तोंडून शब्द ऐकला असता तर तिची सगळी मेहनत माझ्या नावावर गेली असती. मी पंख्याकडं पाहत बसले. साहेब घड्याळाकडं. शेवटी साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "वेळ संपली."

"अवो, लिहून नाही झालं वो साहेब," कांता म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं.

दार उघडलं. वसंतरावजी आत आले. कागद पाहिला, त्यावर सही नव्हती. पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. "तिले लिहिता येत नाही हे माहीत होतं ना तुमाले? तुमी तिले बसवून ठेवली!"

"ती माझ्यासमोर लिहीत होती, वसंतरावजी. दोन कागद तिनं लिहिले. दाखवू?"

कांताचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. चिन्हाच्या यादीतून निवडायला सांगितलं तेव्हा कांतानं विचारलं, "हंडा हाये का?" यादीत हंडा नव्हता. तिनं कपबशी घेतली. मग ती जीपकडं न बघता गेटमधून बाहेर पडली आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली.

त्याच संध्याकाळी माझ्याविरुद्ध तक्रार आली. अव्वल कारकून बाईंनी उमेदवारास कोंडून ठेवून माघारीपासून वंचित केले. सात सह्या. माझ्याकडून खुलासा मागवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या नावानं आलेला हा पहिला खुलासा. बाईला जीपमध्ये कोंबून आणणाऱ्यांकडून कधी खुलासा मागवल्याचं मला आठवत नाही.

मोठे साहेब, म्हणजे तहसीलदार, वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मॅडम, दोन ओळींची दिलगिरी लिहून द्या. गैरसमज झाला म्हणा. मिटून जाईल." घरी यजमानांनीही तेच सांगितलं. ते उमरखेडचे, भांडणापासून लांब राहणारे. "दोन ओळी तर आहेत. तू दिवसाला दोनशे लिहितेस."

"मी मागे घेऊ?" मी विचारलं. "काय मागे घेऊ? पाणी दिलं ते? खुर्ची दिली ती?"

ते हसले, आणि त्या रात्रीची भांडी त्यांनी घासली. आमच्या घरात पाठिंबा असाच जाहीर होतो.

मी दिलगिरी लिहिली नाही. चौकशी मागितली. सगळ्यांचे जबाब घ्या म्हटलं, कांताचा सगळ्यात आधी. तारीख ठरली, मतदान झाल्यानंतरची. तिला नोटीस गेली.

मतदान झालं. कांता पडली. एकशे त्रेचाळीस विरुद्ध एकशे अठ्ठावीस, पंधरा मतांनी. आकडा वाचला तेव्हा मला राग आला तो तिच्या पडण्याचा नव्हता. पडण्यात अपमान नाही, शंभरावर माणसांनी तिच्या नावापुढचं बटण दाबलं. राग याचा आला की तुम्ही सरळ लढूनही जिंकणारच होतात. मग त्या बाईला दोनदा कशाला आणलंत? तिच्या नवऱ्याच्या पोटावर पाय देण्याची भीती कशाला घातलीत? एकशे अठ्ठावीस माणसांना बोलायचं होतं, तुम्हाला ते ऐकायचंसुद्धा नव्हतं. याला तुम्ही एकोपा म्हणता.

चौकशीच्या आदल्या दिवशी वसंतरावजी स्वतः आले. पेढ्यांचा पुडा घेऊन. मोठ्या साहेबांसमोर म्हणाले, "झालं गेलं जाऊ द्या. आमची काही तक्रार नाही. मांगं घेतो आमी." सातही सह्यांचं पत्र तयार होतं. त्यात वॉर्डाचा आकडा मात्र बरोबर होता.

"सुटलात, मॅडम," मोठे साहेब म्हणाले.

"मी अडकलेच कधी होते, साहेब? चौकशी होऊ द्या."

"तक्रारच नाही तर चौकशी कशाची?"

त्यांनी फाइल बंद केली. पेढा मी घेतला नाही, एवढंच काय ते मी करू शकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांता माझ्या टेबलापुढं उभी. हातात ती नोटीस, घडी घालून पिशवीत ठेवलेली. तिला कोणी कळवलंच नव्हतं. वेचणीचे दिवस, मजुरी बुडवून आलेली, डोक्याला तेल, अंगावर चांगलं लुगडं. नवऱ्याला वसंतरावजींनी ट्रॅक्टरवरून काढलं नव्हतं, पण घरात दोघं बोलत नव्हती, असं तिनं सांगितलं.

मी तिला खुर्ची दिली आणि सांगितलं की तक्रार त्यांनी मागे घेतली, आता जबाब लागत नाही.

तिला समजायला थोडा वेळ लागला. "म्हंजे माह्यं बोलणं नाही लागत?"

"चौकशीला नाही लागत."

"त्याईनं लिहून देल्लं तवा तुमी मले बोलावलं. त्याईनं फाडून टाकलं तं मले घरी जा म्हणता." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. "मी रातभर पाठ करून आलतो, म्याडम. कोण काय म्हणलं, जीपमधी काय म्हणलं, देवळात काय म्हणलं. मंग हे कोणाले सांगू?"

मी कोरा कागद काढला. अर्ज कोणीही, कधीही देऊ शकतं. त्याला कोणाची तक्रार लागत नाही. प्रकरण माझ्यावरचं होतं, म्हणून कागदाच्या तळाशी आधीच लिहून ठेवलं की हा मजकूर अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिला, आणि खाली माझं पूर्ण नाव. उद्या कोणी विचारलं तर लपवालपवी नको. शेजारच्या टेबलावरच्या बाबूंना साक्षीला बसवलं. वर तहसीलदारांचा हुद्दा घातला, डाव्या बाजूला विषय लिहिला.

"सांग," मी म्हटलं. "तुझ्यावर दबाव आणायला कोण कोण आलं होतं, त्यांची नावं आधी घेऊ."

तिनं पदर डोक्यावर घेतला, सरळ बसली, आणि पहिलं नाव नवऱ्याचं सांगितलं. पूर्ण, सासऱ्याच्या नावासकट, मोठ्यानं. साक्षीच्या बाबूंनी मान वर केली. माझाही पेन थांबला.

"लिहा ना, म्याडम," ती म्हणाली. "अजून सहा जण हायेत."